रामाजीच्या दुधाची डिग्री

मी लॅक्टोमीटर बोलतोय. नाव जड आहे, पण घाबरू नका. दूध तपासायची काचेची नळी, एवढीच माझी ओळख. सौसर-मोहगावकडे मला ‘कांडी’ म्हणतात आणि माझ्या मानेवरच्या आकड्याला ‘डिग्री’. दुधात सोडलं की मी उभा तरंगतो. दूध खरं असेल तर वर राहतो, पाणी घातलेलं असेल तर खाली बसतो. अठ्ठावीसच्या वर डिग्री लागली तर दूध पास, खाली लागली तर नापास.

असं काम करणाऱ्याचा स्वभाव कसा होणार? मी पक्का संशयी आहे. कोणी हसत आला की मला वाटतं, याच्या कॅनमध्ये पाणी आहे. कोणी गप्प उभा राहिला की वाटतं, नक्कीच आहे. चांगल्या माणसाबद्दल तर मला जास्तच शंका येते.

माझा जन्म दूर उत्तरेकडे, काचेची उपकरणं करणाऱ्या एका कारखान्यात झाला. पोटात शिशाचे छर्रे भरले, मानेत आकड्यांची कागदी पट्टी सरकवली आणि वरून तोंड वितळवून बंद केलं. सोबत एक चिठ्ठी होती. दूध किती गरम असताना मला बुडवायचं, हे त्या चिठ्ठीत बारीक अक्षरात लिहिलं होतं. खोक्यातली चिठ्ठी कोण वाचतो? माझ्या पहिल्या मालकाने तिचा बोळा करून खिडकीच्या फटीत कोंबला.

तो पहिला मालक म्हणजे नत्थूजी. लोधीखेड्याकडे एक खाजगी दूध संकलन केंद्र होतं, तिथे तो दूध मोजून घ्यायचा. माणूस हुशार, पण डोळ्यात कायम शंका. आमचं चांगलं जमलं. मला दुधात सोडून तो असा तिरपा वाकून बघायचा की आकडा एक-दोनने कमीच दिसावा. दूध देणारा म्हणायचा, “भाऊ, नीट पाय ना!” नत्थूजी म्हणायचा, “मी काय आंधळा हाय?” असली माणसं रोज बघितल्यावर माझ्यातला उरलासुरला भोळेपणाही गेला. पुढे ते केंद्र बंद पडलं आणि मी नत्थूजीच्या घरी खुंटीवर लटकलो.

तिथून मी दामिनीकडे गेलो.

दामिनी सौसरची. वय चौतीस. नवरा भूपेंद्र कंपनीत शिफ्टने जातो, घरी सासू देवकाबाई. बाईच्या अंगात धंदा होता, हे मी संशयी असूनही कबूल करतो. खव्याचा धंदा करायचं तिने ठरवलं, पण आधी कढई विकत घेतली नाही. आधी पांढुर्ण्याला गेली आणि विजयाबाईंच्या मिठाईच्या दुकानात जाऊन विचारलं, “ताई, तुम्हाले खवा कसा लागते? कोणत्या दिवशी जास्त लागते? आता आणता तो काहून आवडत नाही?” विजयाबाईंनी अर्धा तास तिला तक्रारीच ऐकवल्या. त्या तक्रारी दामिनीने वहीत उतरवल्या आणि मगच घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये भट्टी लावली. ज्यांना छोटा धंदा सुरू करायचा आहे त्यांनी एवढं जरूर करावं. माल करायच्या आधी घेणाऱ्याचं रडगाणं ऐकावं. ते फुकट मिळतं.

सुरुवातही बेताची. रोज दहा लिटर दूध, एक कढई, एकच माल. भूपेंद्र म्हणाला, “पनीर, दही, पेढा, सगळंच सुरू कर ना!” ती म्हणाली, “एक तरी नीट जमू द्या पहिले.”

ते दहा लिटर दूध मोहगावजवळचे रामाजी आणायचे. तीन म्हशी, साठीचं वय, जुनी मोटरसायकल आणि कमी बोलणं. त्यांच्या दहा लिटरचा दोन किलो खवा पडायचा. मऊ, दाणेदार, हातावर चोळला की तूप सुटणारा. विजयाबाईंनी महिनाभर तो खवा बघितला आणि एक दिवस म्हणाल्या, “असाच माल राह्यला तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रोज आठ किलो तुझ्याकडून घेतो. पण एक दिवस जरी बिघडला, तर मी दुसरीकडे जाईन. सणाले माझं नाव खराब नको.”

रोज आठ किलो! दामिनीचं सगळं त्या आठ किलोंवर येऊन ठेपलं. ही ऑर्डर निभली तर शेडचं दुकान होणार होतं. नाही निभली तर तिने शिलाई मशीन पुन्हा उघडायची, असं घरात ठरलेलंच होतं.

आठ किलोंसाठी चाळीस लिटर दूध हवं. म्हणजे नवे दूधवाले आले, आणि नवे लोक आले की सल्ला देणारेही येतात. नत्थूजी दामिनीच्या माहेरच्या ओळखीचा. त्याने मला फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, “बाई, धंदा करून राह्यली ना? मंग एक गोष्ट गाठीले बांध. दूधवाला सख्खा भाऊ असला तरी पहिले कांडी बुडवाची, मंग राम राम म्हणाचा.”

सल्ला मला फारच आवडला. देवकाबाई मात्र भट्टीपाशी बसून म्हणाल्या, “इतके दिवस कढई सांगून राह्यली ते कमी हाय का? कढई खोटं नाही बोलत.”

“आई, कढई दोन तासांनं सांगते. कांडी लगेच सांगते,” दामिनी म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. चाळीस लिटर दूध एकदा कढईत गेल्यावर कोणाचं कोणतं, हे कढईला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजी आले. कॅनवर गोधडीचा तुकडा गुंडाळलेला. मी मनात म्हटलं, बघू या म्हाताऱ्याचं खरं किती. दामिनीने मला दुधात सोडलं. वर फेसच फेस होता. मी खाली बसलो, आणखी खाली बसलो. सव्वीस.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी चोर सापडला होता.

“रामाजी, डिग्री कमी लागून राह्यली,” दामिनी हळूच म्हणाली.

रामाजींना आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, “पोरी, बोट लावून पाय ना. धारेचं दूध हाय, अजून गरम हाय. पाणी टाकलेलं दूध असं राह्यते का?”

इथे त्यांच्या गावची रीत सांगतो. दूध गरम पोचलं तर ते खरं, अशी तिकडची जुनी समजूत. दूधवाला वाटेत पाणी घालायला थांबला असता तर दूध गार झालं असतं, असा त्यामागचा हिशोब. रामाजींच्या वडिलांनीही असंच दूध घातलं होतं. म्हणून तर ती गोधडी. म्हैस पिळली की कॅन बांधायचा आणि सुटायचं.

दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आले. दूध आणखी गरम, फेस आणखी जास्त. डिग्री पंचवीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकाऐवजी दोन गोधड्या बांधल्या आणि मोटरसायकल अशी पळवली की दारात पोचल्यावर त्यांना धाप लागली होती. डिग्री चोवीस. रामाजी आपला खरेपणा दाखवायला जितकी घाई करत होते, तितका मी त्यांना खोटं ठरवत होतो. कोणालाच ते कळत नव्हतं, मला तर नाहीच. दूध गरम असलं की पातळ होतं, फेसाने त्यात हवा भरते आणि माझ्यासारखा आणखी खाली बसतो, हे सगळं त्या बोळा झालेल्या चिठ्ठीत होतं.

सहाव्या दिवशी दामिनी म्हणाली, “रामाजी, उद्यापासून दूध आणू नका.”

रामाजींनी मला बघितलं. त्यांना आकडे नीट वाचता येत नव्हते. एवढंच विचारलं, “आज किती?”

“चोवीस.”

“अन् किती पायजे?”

“अठ्ठावीस.”

“चार कमी हाय,” ते म्हणाले, जणू कोणाच्या आजाराबद्दल बोलत असावेत. कॅन उचलला, गोधडी घडी केली आणि निघून गेले. भांडले नाहीत. मला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प बसला. मी तेव्हा असाच विचार करायचो.

त्यांच्या जागी रोहित आला. लोधीखेड्याच्या बाजूचा तिशीतला पोरगा. चकचकीत गाडी, तीन कॅन, त्यांना ओलं फडकं. तोंडात साखर. “ताई, टेन्शन नका घेऊ. आपला माल एकदम सही. तुम्ही फक्त डिग्री पाहा.” दामिनीने मला सोडलं. दूध थंडगार, फेस नाही. मी डौलात उभा राहिलो. एकोणतीस.

दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी एकोणतीस. ऊन असो, पाऊस असो, एकोणतीस. अहो, म्हशीसुद्धा रोज सारखं दूध देत नाहीत. एखाद्या दिवशी ढेप, म्हणजे पेंड, कमी पडते, एखादी गाभण राहते. रोज तोच आकडा लागतो तेव्हा संशयाने कान टवकारायला हवेत. पण रोहित मला बघून म्हणायचा, “वा, काय भारी कांडी हाय तुमची!” आणि मी फुशारून जायचो. संशयी माणसाला फसवायचं असेल तर त्याच्या संशयाचं कौतुक करावं, एवढं मी तेव्हा शिकलो नव्हतो.

दामिनीने रोहितचं दूध दहावरून वीस, वीसवरून चाळीस लिटर केलं. बाकीच्या किरकोळ दूधवाल्यांना नाही म्हटलं. एकच माणूस, एकच आकडा, काम सोपं. धंदा वाढवताना सोपं काम बघून फार खूश होऊ नये. सगळी अंडी एका टोपलीत, म्हणतात ना, तसं झालं.

खवा पडेना. चाळीस लिटरला आठ किलो हवा, पडायचा सहा. आणि जो पडायचा तो कोरडा, चिवट. दसऱ्याच्या चार दिवस आधी विजयाबाईंनी नमुना तळहातावर घासला. एकदा घासला, दोनदा घासला.

“दामिनी, तूप कुठं गेलं? हात कोराच हाय माझा.”

“ताई, डिग्री तर बरोबर लागून राह्यली.”

“मी गिऱ्हाइकाले डिग्री खाऊ घालू का? तीन दिवस देतो. तेवढ्यात जमव, नाहीतर ऑर्डर गेली समज.”

परतीच्या बसमध्ये दामिनी हिशोब करत बसली असणार. दूध बरोबर, कारण कांडी सांगते. खव्यात तूप नाही. म्हणजे मधेच कोणीतरी साय काढतं. शेडमध्ये कोण असतं? ती आणि सासू. आणि देवकाबाईंच्या डब्यात घरच्यापुरतं लोणी नेहमीच असायचं.

संध्याकाळी तिने शेडला कुलूप लावलं. देवकाबाई भांडी आणायला गेल्या तर कुलूप.

“किल्ली दे वं.”

“काय पायजे ते मी काढून देतो, आई.”

देवकाबाईंनी कुलूप एकदा ओढून बघितलं. त्यांना सगळं समजलं. “मी साय खाऊन राह्यली म्हन्ते तू?”

दामिनीने किल्ली कमरेला खोचली. आणि मी? मी खुंटीवर लटकलो होतो आणि मलाही वाटलं, हो, म्हातारीच असेल. एवढा मी बिनडोक.

देवकाबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. “घराले कुलूप लावते अन् बाहेरच्यावर भरोसा ठेवते! थांब. उद्या रामाजीचं दूध आणतो मी. ते अन् त्या पोट्ट्याचं, पाच-पाच लिटर, तुह्यासमोर येगयेगळं आटव. तवा दिसन कोण साय खाते ते.”

सकाळच्या पहिल्या बसने त्या मोहगावकडे गेल्या. परत येताना बस पंक्चर झाली. दीड तास रस्त्याच्या कडेला, मांडीवर कॅन घेऊन. घरी पोचल्या तेव्हा दूध पार गार झालं होतं आणि फेस मोडला होता. दामिनीने सवयीने मला त्यात सोडलं.

एकतीस.

तिने मला बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा सोडलं. एकतीस. “आई, हे रामाजीचंच दूध आहे ना?”

“माह्यासमोर काढलं त्यानं.”

दामिनी हुशार आहे, हे मी आधीच सांगितलं. तिने त्यातलं थोडं दूध भांड्यात काढलं, ते भांडं गरम पाण्यात ठेवलं, दूध चांगलं कोमट झालं तसं रवीने फेसाळलं आणि मला पुन्हा सोडलं. मी खाली गेलो. सव्वीस. तेच दूध, तीच म्हैस, आणि मी पाच डिग्रीने खोटा ठरलो. माझ्या पोटातले छर्रे आणखी जड झाल्यासारखे वाटले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना बुडवून बघत होतो, स्वतःला कधीच नाही.

मग दोन कढया चढल्या. रामाजींच्या पाच लिटरचा एक किलोहून थोडा जास्त खवा पडला, कडेने तूप सुटलेलं. रोहितच्या पाच लिटरचा जेमतेम पाऊण किलो, कोरडा. रोहितची युक्ती मग कळली. साय आधीच काढून विकायची. साय काढली की दूध जड होतं आणि मी वर येतो. मग वर आलेला मी पुन्हा एकोणतीसवर येईपर्यंत पाणी घालायचं. त्याच्या घरीही एक कांडी होती म्हणे. तो दूध विकतच नव्हता, माझा आकडा विकत होता.

दामिनी सासूसमोर बसली आणि किल्ली त्यांच्या पदरात टाकली. “आई, मी चुकले.” देवकाबाई म्हणाल्या, “माह्यं जाऊ दे. मी घरातली हावो. तू रामाजीकडे जा.” मग म्हणाल्या, “अन् लवकर जा. त्याच्या गोठ्यात एकच म्हैस दिसली मले. विचारलं तर बोलला नाही.”

दामिनीने मला पिशवीत घातलं आणि त्याच दुपारी मोहगावची बस धरली. रामाजी गोठ्यात होते. दामिनीने सगळं सांगितलं. गरम दूध, फेस, एकतीस डिग्री, रोहित, सगळं. म्हणाली, “तुमचं दूध खरं होतं. मीच तुम्हाले खोटं म्हटलं. माफ करा.”

मी वाट बघत होतो की आता ते चिडतील, मला हिसकावून दगडावर आपटतील. मला ते चाललं असतं.

रामाजींनी सावकाश विचारलं, “म्हन्जे म्हशी बरोबर होत्या?”

“हो.”

“मले वाटलं, म्हशीच पातळ झाल्या. तू शिकलेली पोरगी. कांडी काचेची. खोटं कोण बोलन? पाणी मी टाकलं नाही, हे मले मालूम. मंग उरलं कोण? म्हशीच ना. ढेप वाढवून पाह्यली, डॉक्टर बोलावला. मंग इकल्या दोघी. चांगल्या होत्या तर काहून इकल्या मी?”

दामिनीने म्हशी कोणाला विकल्या ते विचारून घेतलं. मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, दूध देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर, म्हातारीवर. या माणसाने ना तिच्यावर संशय घेतला, ना माझ्यावर. घेतला तो स्वतःच्या म्हशींवर, कारण त्याला दुसरं कोणी खोटं असेल असं वाटलंच नाही. त्या दिवशी मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

दोन म्हशी बाजारातून पार कुठे गेल्या, शोधूनही सापडल्या नाहीत.

आता माझं म्हणाल तर बरं चाललं आहे. विजयाबाईंना दामिनीने खरं ते सांगितलं. “आठ किलो नाही जमत, ताई. चार किलो देईन, पण जसा पाहिजे तसा.” त्या थोड्या कुरकुरल्या आणि चार किलो घ्यायला लागल्या. उरलेली ऑर्डर दुसऱ्याला गेली. शेड अजून शेडच आहे, पण शिलाई मशीनही बंद आहे. पाच दूधवाले आहेत, एकावर सगळं सोपवलेलं नाही. माझ्यासोबत आता एक थर्मामीटरही असतो. दर आठवड्याला प्रत्येकाचं थोडं दूध वेगळं आटवून देवकाबाई स्वतः खवा तोलतात. आणि दामिनी दूध दारात मागवत नाही. सकाळी स्कूटीवर मला घेऊन प्रत्येकाच्या गोठ्यात जाते, दूध निवू देते, आणि डिग्री सगळ्यांच्या समोर, सरळ उभ्या नजरेने वाचते.

धंदा सुरू करणाऱ्यांनो, तपासा, जरूर तपासा. तपासल्याशिवाय धंदा होत नाही. पण ज्याने तपासता त्याचीही कधीतरी तपासणी करा, आणि ज्याला नापास कराल त्याला एकदा तरी नीट विचारा. माझी चिठ्ठी कोणी वाचली असती, तर तिनेच म्हटलं असतं, थांबा, दूध निवू द्या.

सगळ्यात शेवटी आम्ही रामाजींकडे जातो. त्यांनी आता आकडे वाचायला शिकून घेतले आहेत. ते स्वतः मला दुधात सोडतात, वाकून बघतात आणि मोठ्याने म्हणतात, “एकतीस.” दामिनी म्हणते, “बरोबर.” मग ते मला पुसून तिच्या हातात देतात, आणि गोठ्यातल्या दोन रिकाम्या खुंट्यांकडे बघत विचारतात, “पोरी, त्यांचंही एकतीसच असन, नाही?”